प्लॉट घ्यायचाय, जमिनीत पैसे गुंतवायचेत? इसार देण्याआधी हे प्रश्न विचारा

सोयाबीनचे पैसे आले, मुलगा नोकरीला लागला, निवृत्तीची रक्कम हातात पडली की गावाकडे पहिला विचार येतो तो जमिनीचा. ‘सोनं चोरीला जातं, जमीन कुठं जाते?’ असं वडीलधारी मंडळी सांगतात. त्यात हल्ली तालुक्याच्या रस्त्याला लागून दर दोन किलोमीटरवर प्लॉटिंगचा फलक दिसतो आणि मोबाईलवर ‘फक्त काही प्लॉट शिल्लक’ असे मेसेज फिरत असतात.

जमीन कुठं जात नाही हे खरं. पण कागद कच्चा असला तर जमीन जागेवर राहते आणि पैसे जातात. असे व्यवहार बहुतेक वेळा इसार देताना, म्हणजे पहिल्याच दिवशी फसलेले असतात. कळतं मात्र चार-पाच वर्षांनी, घर बांधायला काढलं की. म्हणून प्लॉट किंवा शेतजमीन घेणाऱ्यांच्या मनात नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची सरळ उत्तरं इथे दिली आहेत.

सातबाऱ्यावर नाव आहे, म्हणजे मालकी पक्की ना?

नाही. सातबारा हा महसुली उतारा आहे. त्यातली नोंद जमीन महसूल कायद्याच्या कलम १५७ नुसार खरी धरली जाते, पण ती खोटी असल्याचं कुणी सिद्ध करेपर्यंतच. महसुली नोंदीमुळे मालकी मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकालांत सांगितलं आहे. मालकी ठरते ती खरेदीखत, वाटणीपत्र, बक्षीसपत्र, मृत्युपत्र किंवा वारसाहक्क यावरून.

तरीही सुरुवात सातबाऱ्यापासूनच करावी लागते. भूलेखवर मोफत दिसणारा उतारा फक्त माहितीसाठी असतो. महाभूमीच्या डिजिटल सातबारा संकेतस्थळावर १५ रुपयांत डिजिटल सही असलेला उतारा मिळतो, तोच काढावा. विकणाऱ्याने दाखवलेल्या झेरॉक्सवर विसंबू नये. उतारा हातात आला की या जागा नीट वाचाव्यात:

- भोगवटादार वर्ग: वर्ग १ असेल तर विक्रीला सहसा अडचण नसते. वर्ग २ असेल तर सरकारची पूर्वपरवानगी लागते. वतनाची, इनामाची, सरकारने वाटप केलेली आणि कुळ कायद्याने मिळालेली जमीन बहुधा या वर्गात असते.
- इतर हक्क: बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, कुळाचं नाव, विहिरीतला हिस्सा, पुनर्वसन कायद्यामुळे हस्तांतरणावरची बंदी, वनाची नोंद, कोर्टाचा मनाई हुकूम हे सगळं याच रकान्यात दिसतं. इथे एक ओळ जरी असली तरी तिचा अर्थ विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.
- नावापुढची अक्षरं: ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. नाव एकाचं असलं तरी हिस्सा सगळ्या कुटुंबाचा असतो. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालन करणार. त्या जमिनीत लहान मुलाचा हिस्सा आहे आणि तो विकायला कोर्टाची परवानगी लागू शकते.
- फेरफार क्रमांक: प्रत्येक फेरफार म्हणजे जमिनीच्या इतिहासातलं एक पान. जुने फेरफार काढून एकामागे एक लावले की जमीन कुणाकडून कुणाकडे कशी आली हे कळतं. मधली कडी तुटलेली असेल तर तिथेच थांबावं.

जुन्या हस्तलिखित उताऱ्यावर नावाला कंस केलेला असेल तर ते नाव कमी झालेलं असतं. ते कोणत्या फेरफाराने कमी झालं, हे मात्र पाहायलाच हवं. बहिणींची नावं अशीच कंसात गेलेली अनेक गावांत सापडतात.

बहिणींच्या सह्या खरंच लागतात का? त्या तर सासरी नांदतात.

लागतात. गावाकडच्या व्यवहारात सगळ्यात जास्त वाद याच मुद्द्यावर होतात. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे. त्या तारखेला वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केलं.

‘बहिणीला लग्नात दिलंय’, ‘तिने तोंडी सोडलंय’, ‘तिला काही नको’ ही उत्तरं कोर्टात टिकत नाहीत. हक्क सोडायचा असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं. वारस नोंदीच्या फेरफारात सगळ्या मुली, आत्या आणि मयत भावाची बायको-मुलं आहेत का, हे गावातल्या जुन्या माणसांना विचारून ताडून पाहावं. कागदावर चार वारस आणि प्रत्यक्षात सहा असतील, तर उरलेले दोघं पुढे कधीही दावा लावू शकतात.

एका भावाने आपला न वाटलेला हिस्सा विकला तर काय? तो हिस्सा विकता येतो. पण घेणाऱ्याला अमुक बांधापासून तमुक बांधापर्यंतची जमीन मिळत नाही, त्याच्या पदरात वाटणी मागण्याचा हक्क पडतो. म्हणजे पैसे देऊन दुसऱ्याच्या भाऊबंदकीत भागीदारी घेतल्यासारखं होतं.

एक-दोन गुंठे घेता येतात का?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात जास्त फसवणारा प्रश्न आहे. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यानुसार ठरावीक प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान शेतजमिनीचा तुकडा पाडून विकता येत नाही. २०२३ मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्ह्यांसाठी हे क्षेत्र बागायतीला १० आर आणि जिरायतीला २० आर, म्हणजे साधारण १० आणि २० गुंठे असं ठरलं. बिनशेती झालेल्या, मंजूर आराखड्यातल्या प्लॉटला ही अडचण नसते.

यावर बाजारात एक युक्ती चालते. दहा-वीस जण एकत्र येऊन २० गुंठे सामाईक खरेदी करतात. सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं येतात. प्रत्येकाला वाटतं, आपला दोन गुंठ्यांचा प्लॉट झाला, सातबाराही निघाला. प्रत्यक्षात उतारा सामाईक असतो. कोणता तुकडा कुणाचा हे सरकारी नकाशात कुठेच नसतं, जमिनीवर चुन्याने आखलेल्या रेषा तेवढ्या असतात. पुढे एकाला विकायचं असलं, कर्ज काढायचं असलं किंवा घर बांधायचं असलं की बाकीच्यांच्या संमतीचा प्रश्न येतो. त्यातला एखादा वारला की त्याचे वारस उताऱ्यावर येतात आणि गुंता आणखी वाढतो.

‘सरकार तुकडे नियमित करतंय’ हेही दलाल सांगतात. सवलती दिल्या गेल्या हे खरं आहे. आधी बाजारमूल्याच्या २५ टक्के रक्कम भरून तुकडा नियमित करण्याची सोय होती, नंतर ती ५ टक्क्यांवर आणली. २०२५ मध्ये नागरी आणि रहिवासी भागातल्या जुन्या तुकड्यांसाठी आणखी पाऊल उचललं गेलं. पण या सवलती आधी होऊन गेलेल्या व्यवहारांसाठी आहेत. त्यांच्या भरवशावर आज शेतातला नवा तुकडा घेणं म्हणजे पुढच्या माफीची वाट पाहत चूक करणं.

‘एनए प्रस्तावित’ म्हणजे एनए झालंच ना?

प्रस्तावित म्हणजे झालेलं नाही. अर्ज दिलेलाही असेल किंवा नुसता विचार असेल, दोन्हीला ‘प्रस्तावित’च म्हणतात. एनए म्हणजे बिनशेती. ती झाली असेल तर कागद असतो, आदेश क्रमांक असतो, तारीख असते. त्यासोबत मंजूर रेखांकन म्हणजे प्लॉटचा नकाशा असतो आणि त्यात रस्ते, मोकळी जागा, प्रत्येक प्लॉटचा नंबर व माप दिलेलं असतं. आपल्याला दाखवलेला प्लॉट त्या नकाशात आहे का, हे स्वतः पाहावं. मोकळ्या जागेचेही प्लॉट पाडून विकले जातात.

‘यलो झोन’, ‘ग्रीन झोन’ हे शब्दही कानावर पडतात. प्रादेशिक किंवा विकास आराखड्यात रहिवासासाठी राखलेला भाग म्हणजे यलो झोन, शेतीसाठी राखलेला म्हणजे ग्रीन झोन. जमीन कशात येते याचा झोन दाखला नगररचना कार्यालयातून मिळतो. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला कलम ४२-ड नुसार एनएची वेगळी परवानगी लागत नाही. रूपांतर कर आणि बिनशेती आकारणी भरून सनद घेता येत असे. पण ती सनद विकणाऱ्याने घेतली आहे का, हा प्रश्न राहतोच.

गावठाणातली जागा असेल तर ग्रामपंचायतीचा ८ नंबरचा उतारा दाखवला जातो. तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नाही. स्वामित्व योजनेत ड्रोन मोजणी झालेल्या गावांत मिळकत पत्रिका तयार झाल्या आहेत, ती मागावी. गायरानावरचं अतिक्रमण ‘कब्जेपट्टी’ म्हणून विकत घेणाऱ्याला तर काहीच मिळत नाही. ती जमीन विकणाऱ्याची नसतेच.

शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येते का?

जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय नाही. पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणात कुळ कायद्याचं कलम ६३ लागू आहे, विदर्भ आणि मराठवाड्यात त्यांचे वेगळे कुळ कायदे आहेत. घेणाऱ्याच्या किंवा त्याच्या कुटुंबाच्या नावावर शेतजमीन असल्याचा पुरावा लागतो. खोटा शेतकरी दाखला लावून केलेली खरेदी उघडकीला आली तर व्यवहार बेकायदा ठरून जमीन सरकारजमा होण्याची पाळी येऊ शकते. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला घेण्यासाठी तर शासनाच्या मान्यतेनंतरच परवानगी मिळते. ‘नंतर बघू’ म्हणून इथे चालत नाही.

शंभरच्या स्टॅम्पवर नोटरी करून घेतलं तर चालतं का?

चालत नाही. १०० रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते, हा १९०८ च्या नोंदणी कायद्यापासूनचा नियम आहे. नोटरी फक्त सही कुणी केली हे सांगते, मालकी देत नाही. मुखत्यारपत्र आणि साठेखत करून ‘विक्री झाली’ म्हणण्याच्या पद्धतीलाही सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये नकार दिला आहे. साधारण मुखत्यारपत्र देणारा माणूस वारला की ते तिथेच संपतं, हेही लक्षात ठेवावं.

रीत अशी आहे: आधी इसारपावती, मग गरज असेल तर नोंदणीकृत साठेखत, शेवटी खरेदीखत. खरेदीखतावर सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदणीला द्यावा लागतो. नोंदणी शुल्क किमतीच्या १ टक्का, जास्तीत जास्त ३० हजार रुपये. मुद्रांक शुल्क गाव कोणत्या हद्दीत येतं त्यावर बदलतं. ते दस्तातली किंमत आणि रेडीरेकनरचं मूल्य यांतल्या मोठ्या आकड्यावर लागतं.

रोख दिले तर स्वस्तात मिळतं म्हणतात. काय हरकत आहे?

हरकत मोठी आहे. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेतली तर प्राप्तिकर कायद्यात तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. दुसरी गोष्ट रोजच्या अनुभवातली आहे. दस्तात ३ लाख दाखवले आणि हातात ८ लाख दिले, तर व्यवहार मोडल्यावर कागद ३ लाखांचाच बोलतो. उरलेले ५ लाख दिले होते हे सिद्ध करता करता चपला झिजतात. इसार असो की शेवटचा हप्ता, पैसे चेक, आरटीजीएस किंवा यूपीआयनेच द्यावेत आणि त्याचा नंबर दस्तात लिहून घ्यावा.

विकणाऱ्या शेतकऱ्यालाही यात फायदा आहे. नगरपालिकेच्या हद्दीपासून कायद्याने ठरवलेल्या अंतराबाहेरची ग्रामीण शेतजमीन विकली तर त्या नफ्यावर भांडवली नफा कर लागत नाही. मग पैसे लपवायचे कशाला?

गुंठा म्हणजे नेमका किती?

१ गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, ४० गुंठ्यांचा १ एकर. सातबाऱ्यावर मात्र हेक्टर आणि आर लिहिलेले असतात. १ आर म्हणजे १०० चौरस मीटर, १०० आरचा १ हेक्टर आणि १ हेक्टर म्हणजे जवळपास अडीच एकर. काही ठिकाणी दलाल १००० चौरस फुटांनाच गुंठा म्हणतात. मग दर गुंठ्याला ८९ फूट गेले. दर ठरवताना चौरस फुटांत बोलावं.

कागदावरचं क्षेत्र आणि जागेवरचं क्षेत्र यांत फरक निघणं नेहमीचं आहे. त्यामुळे खरेदीआधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून सरकारी मोजणी करून घ्यावी आणि ‘क’ प्रत जपून ठेवावी. मोजणीच्या दिवशी चारही बांधकरी हजर असले तर पुढची निम्मी भांडणं मिटतात.

रस्ता आहे म्हणतात, पण तो कागदावर कुठे आहे?

जमीन स्वस्त मिळत असेल तर आधी रस्ता पाहावा. बैलगाडीची वाट शेजाऱ्याच्या बांधावरून जात असेल आणि ती नकाशात किंवा दस्तात नसेल, तर शेजारी बदलला की वाट बंद. रस्त्याचा उल्लेख चतुःसीमेत आणि दस्तात स्पष्ट असावा. वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला तर मामलेदार न्यायालय कायदा १९०६ खाली, आणि बांधावरून नवा रस्ता हवा असेल तर महसूल कायद्याच्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. पण अर्जाला वेळ लागतो आणि तोवर शेताला वाट नसते.

प्लॉटिंगवाल्याकडे रेरा नंबर हवाच का?

नियोजन क्षेत्रातल्या प्रकल्पाची जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त आणि प्लॉट ८ पेक्षा जास्त असतील तर हवाच. रेरा कायदा फ्लॅटसारखाच प्लॉटलाही लागू आहे. नोंदणी नसताना जाहिरात करता येत नाही, बुकिंग घेता येत नाही. नोंदणीकृत करार करण्याआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. एजंटचीही नोंदणी लागते. महारेराच्या संकेतस्थळावर नंबर टाकला की प्रकल्पाचे कागद, मंजुऱ्या आणि पूर्ण होण्याची तारीख दिसते. फलकावर नंबर छापलेला असला तरी तो त्याच प्रकल्पाचा आहे का, हे पाहावं. ‘आमचा भाग रेरात येत नाही’ असं उत्तर आलं तर त्याचं कारण लेखी मागावं.

पाच वर्षांत दामदुप्पट होईल का?

पाच वर्षांत दुप्पट म्हणजे दर वर्षी जवळपास १५ टक्के वाढ. काही जागांना ती मिळाली, पण प्रत्येक माळरानाला मिळत नाही. हिशेब करताना मुद्रांक शुल्क, नोंदणी, दलाली, मोजणी, वकील, कुंपण हे खर्च धरावेत. शिवाय मोकळा प्लॉट भाडं देत नाही. अडीअडचणीला तो आठ दिवसांत विकलाही जात नाही. मुलीच्या लग्नाचे किंवा दवाखान्याचे पैसे त्यात अडकवू नयेत.

‘इथून महामार्ग जाणार’, ‘एमआयडीसी येणार’ या बोलण्यावर दर चढवले जातात. घोषणा झालेला प्रत्येक रस्ता होत नाही, आणि झाला तरी आखणी बदलते. भूसंपादनाची प्राथमिक अधिसूचना निघाल्यावर त्या जमिनीच्या व्यवहारावर निर्बंधही येतात. आज जे आहे त्यावर किंमत ठरवावी, उद्याच्या गोष्टीवर नाही.

खरेदी झाली. आता निवांत?

अजून नाही. नोंदणीनंतर फेरफार धरला जातो, संबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीसाठी १५ दिवस असतात. त्यानंतर मंडल अधिकारी म्हणजे सर्कल नोंद मंजूर करतात. कुणी हरकत घेतली तर सुनावणी होते आणि निकालाविरुद्ध प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करता येतं. नवा सातबारा हातात येईपर्यंत तलाठी कार्यालयात चौकशी चालू ठेवावी. वर्षानुवर्षं नोंद न करता कागद ट्रंकेत ठेवले, तर तीच जमीन पुन्हा दुसऱ्याला विकण्याची संधी लबाड माणसाला मिळते.

इसार देण्याआधी हातात असावेत असे कागद

१. ताजा डिजिटल सातबारा आणि ८अ
२. सगळे जुने फेरफार
३. विकणाऱ्याचं मूळ खरेदीखत किंवा वाटणीपत्र
४. दुय्यम निबंधक कार्यालयातला ३० वर्षांचा शोध, म्हणजे वकिलाचा सर्च रिपोर्ट
५. मोजणीची ‘क’ प्रत आणि गट नकाशा
६. बोजा असेल तर बँकेचा किंवा सोसायटीचा बेबाकी दाखला
७. प्लॉट असेल तर एनए आदेश किंवा सनद, मंजूर रेखांकन, झोन दाखला आणि रेरा नंबर
८. वर्तमानपत्रात दिलेली जाहीर नोटीस आणि तिच्या मुदतीत हरकत आली नाही याची खात्री

वकील आपला असावा, विकणाऱ्याने सुचवलेला नको. वकिलाची फी जड वाटते, पण ती प्लॉटच्या किमतीपुढे किरकोळ असते. आणखी एक सोपी कसोटी आहे. या प्लॉटवर कर्ज मिळेल का, हे राष्ट्रीयीकृत बँकेत विचारावं. बँक कागद पाहून नाही म्हणाली तर कारण विचारून घ्यावं. जिथे बँक आपले पैसे लावत नाही, तिथे आपण आयुष्यभराची कमाई लावताना दहा वेळा विचार करावा.

फसवणूक झालीच तर?

रेरा नोंदणीच्या प्रकल्पाबाबत महारेराकडे तक्रार करता येते. रस्ते, वीज, पाणी देण्याचं सांगून विकलेल्या प्लॉटसाठी जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्ह्यातच. एकच जमीन दोघांना विकणं, खोटा माणूस उभा करून दस्त करणं हे गुन्हे आहेत, त्यासाठी पोलिसांत तक्रार द्यावी. मालकीचा वाद दिवाणी न्यायालयात चालतो. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना उत्पन्न कितीही असलं तरी तिथे मोफत वकील मिळतो. हेल्पलाईनचा नंबर १५१०० आहे.

‘आजच इसार द्या, उद्या दर वाढणार’ असं कुणी म्हणालं तर आठ दिवसांची मुदत मागावी. व्यवहार सरळ असेल तर आठ दिवसांनीही जमीन तिथेच असते. आणि तेवढीही मुदत द्यायला विकणारा तयार नसेल, तर कागदात काय दडलंय हे आधी शोधावं.